ईसीजीची पट्टी कोरी होण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या आईला दोन वर्षं अधूनमधून त्रास व्हायचा. "नाना, छातीम्हा पारवा फडफडस रे," म्हणत ती केळीच्या बांधावरच बसून राहायची. गाडी काढून चोपड्याला नेईपर्यंत पारवा उडालेला असायचा. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही वेळा नॉर्मल. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या डाव्या हातातून चहाची बशी निसटली आणि तोंड वाकडं झालं.

जळगावला उलगडा झाला. हृदयाचे वरचे कप्पे मधूनच नुसते थरथरतात, रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत जाते. एट्रियल फिब्रिलेशन. यात लकव्याचा धोका सुमारे पाचपट. रक्त पातळ ठेवायच्या गोळीने तो बराच कमी होतो, पण त्यासाठी दुखणं आधी सापडायला हवं.

तिथल्या डॉक्टरांनी जुने ईसीजी मागितले. मी घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. थर्मल कागद तो, उष्णतेने त्यावरचं उडून जातं, त्यात आमच्याकडचा मे महिना. एक पट्टी पार कोरी, दुसरीवर आईचं अर्धं नाव आणि दोन-चार टोकं. दवाखान्यात विचारलं तर, पट्टी पेशंटला दिली, आमच्याकडे काही नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी सुमारे १ लाख ८१ हजार रुग्णांचे साडेसहा लाख ईसीजी घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवलं आणि पारखलं. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. डोळ्यांना नॉर्मल दिसणाऱ्या पट्टीवरूनही हा आजार असल्याची खूण या कृत्रिम बुद्धिमत्तेने सुमारे ७९ टक्के अचूक ओळखली. म्हणजे पाचात एक चूक आहेच, तेवढ्यावर गोळी सुरू करू नये. पण शंका आली असती तर आईला २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी टिपणारं यंत्र, तरी लागलं असतं. पट्टी नॉर्मल म्हणून ते कुणाला सुचलंच नाही.

माझी कळकळीची विनंती आहे. खान्देशातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत प्रत्येक ईसीजी संगणकात साठवा. असं तंत्र आधी आपल्या माणसांच्या पट्ट्यांवर पारखून घ्या आणि मग साठीपुढच्यांसाठी वापरा. नंदुरबारच्या पाड्यांवरून एकदा आलेला माणूस पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.

आई आता उजव्या हाताने चहा पिते. जळगावच्या ईसीजींचे फोटो मी त्याच दिवशी मोबाइलमध्ये काढून ठेवले.

— एक केळी उत्पादक, ता. चोपडा, जि. जळगाव