मुंबईतल्या बागा आणि आपली बाग

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलं मुंबईला काय काय पाह्यलं आणि मी "काही नाही भो, बागा पाह्यल्या" एवढंच बोलून ठेवून दिला, कारण समोर ठिबकवाला उभा होता. पण तेव्हापासून मनात घोळतंय की तुला नीट सांगायचं राहिलं, म्हणून आज लाईट यायची वाट बघता बघता लिहायला बसलो.

तुझ्या वहिनीच्या तपासणीसाठी गेलो होतो हे तुला माहीतच आहे. मंगळवारी रातची अमरावती एक्स्प्रेस पकडली, बुधवारी सगळ्या टेस्ट झाल्या, आणि रिपोर्ट शुक्रवारी म्हणे. म्हणजे गुरुवार आख्खा मोकळा. लॉजच्या त्या एवढ्याशा खोलीत दोघं बसून राहिलो असतो तर जीवच घाबरला असता, ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी तीच म्हणाली, कुठं झाडं असतील तिथं घेऊन चला.

मग लोकल पकडून भायखळा, राणीची बाग. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे पण टॅक्सीवाल्यांपासून सगळे राणीची बागच म्हणतात. बुधवारी बंद असते, आम्ही गुरुवारी गेलो हे बरं झालं. माणशी ५० रुपये तिकीट. सगळी गर्दी पेंग्विनकडे पळत होती, शाळेची पोरं, आयाबाया, सगळे. आम्ही झाडांकडे गेलो. भो, ही बाग १८६२ सालची आहे, म्हणजे आपल्या पणजोबांच्याही आधी कुणीतरी ही झाडं लावलीत आणि ती अजून उभी आहेत. गोरखचिंच पाह्यली, मूळची आफ्रिकेतली, खोड एवढं जाड की आपण चौघांनी हात धरले तरी वेढा पुरा होणार नाही, आणि ते झाड त्या खोडात पाणी साठवून ठेवतं. कैलासपती होता, त्याची फुलं फांद्यांना नाही तर थेट खोडालाच लागतात, खाली पडलेल्या फुलांचा वास अजून नाकात आहे. आणि उर्वशी! ब्रह्मदेशातलं झाड, लाल फुलांचे लांब झुबके खाली लोंबत होते, तुझी वहिनी त्याच्याखाली उभी राहिली ती पाच मिनिटं हललीच नाही. मी काही बोललो नाही.

एक झाड बघून मात्र मी थांबलोच, पानं हुबेहूब केळीची पण सगळी पंख्यासारखी एका रांगेत उघडलेली. ट्रॅव्हलर्स पाम म्हणतात, मादागास्करचं, पानाच्या देठात पाणी साचतं. मी सवयीनं पान उलटं करून केळीवर येतो तो करपा रोग आहे का ते बघितलं, वहिनी म्हणाली, आज तरी राहू द्या ना हो. आणि मला एकदम जाणवलं की चाळीस वर्षं झाली बागेत जातोय मी, पण आपल्याकडे बाग म्हटलं की केळीच. मृगात लावलेली मृगबाग, हिवाळ्याच्या तोंडावर लावलेली कांदेबाग, जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली पिलबाग. बागेत जातो म्हणजे पाणी धरायचं, पिलं कापायची, कमळं म्हणजे केळफुलं काढायची, घडांचा अंदाज घ्यायचा आणि मग भावाची चिंता. बाग निसवली का, म्हणजे घड बाहेर पडले का, वाऱ्यानं बाग आडवी तर नाही पडली. बागेत बसलो असं कधी झालंच नाही दोस्ता. तिथं आम्ही एका बाकड्यावर दीड तास बसलो, घरनं आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बोललो फार कमी.

निघताना तिथल्याच भाऊ दाजी लाड म्युझियमजवळचा दगडी हत्ती पाह्यला. हा मूळचा घारापुरी बेटावरचा, इंग्रज १८६४ साली विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना साखळी तुटली आणि हत्ती फुटला, मग तुकडे मुंबईला आणले आणि पुढं सांधून उभा केला. सांधे आपण शोधले तर दिसतात.

दुपारी सायनला उतरून धारावीकडचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. हे तू बघायलाच पाहिजे, मुद्दाम ये. ३७ एकर, मिठी नदीच्या काठावर, आणि ही जागा आधी कचऱ्याचं डम्पिंग होती. कचऱ्यावर माती टाकून झाडं लावली, १९९४ साली लोकांसाठी उघडलं, आज आत शिरलं की रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज कमी कमी होत जातो. पावसाचं पाणी पण तिथं साठवतात. मी खाली वाकून माती हातात घेतली, पालापाचोळा कुजून चांगली काळी भुसभुशीत झालेली. आपण केळीचं खोड बागेतच कुजवतो तसंच की. मग मला तुझा तो खरवडीचा, माती वाहून गेलेला तुकडा आठवला जो तू सोडूनच दिलाय. कचऱ्यावर जंगल उभं राहतं तर तिथं निंब-करंज का नाही येणार, सांग बरं.

संध्याकाळी मलबार हिलला हँगिंग गार्डन. पाण्याच्या टाकीवर बांधलेली बाग, १८८१ सालची. समोरच्या बागेत म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं घर, आणि वरून मरीन ड्राईव्हचे दिवे लागताना दिसले. पाय दुखत होते, जास्त फिरलो नाही. पण तुझी वहिनी त्या दिवशी रात्री झोपली रे, सकाळी मीच उठवली.

रिपोर्ट चांगले आले. गोळ्या आहेत सहा महिन्यांच्या, बाकी भ्यायचं काही नाही म्हणाले.

परत आल्यावर काल संध्याकाळी ती म्हणाली, चला बागेत जाऊ. मी पाण्याच्या मोटारीची किल्ली घेतली तर म्हणे, किल्ली कशाला, बसायला जाऊ. विहिरीजवळच्या निंबाखालची जागा मी आज साफ केलीय, जुन्या दाराची फळी दोन दगडांवर ठेवली, तिघं आरामात बसतील. रविवारी तू ये, भरतासाठी बामणोदची वांगी घेऊन ये, ती भाजायला पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळल्या काड्या, माझ्याकडे ढीगभर पडल्यात. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी वहिनी करते म्हणाली. आणि त्या तुकड्यासाठी करंजाची रोपं कुठं मिळतील ते विचारून ठेवतो.

तुझाच,
दोस्त