दर महिन्याच्या एक तारखेला

क्वात्र बोर्न, मॉरिशस
१४ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर दोन प्रश्न विचारले आणि मी तोंड उघडायच्या आत "बॅलन्स संपेल" म्हणून फोन ठेवून दिला. तर लिहूनच पाठवते. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलं आहे. बाबा, डोळा तसा असताना मोबाईलवर वाचत बसू नका.

पहिला प्रश्न, एवढ्याशा बेटाचं भागतं कशावर. बेट एवढंसं आहे हे खरंच. आसपासची छोटी बेटं धरूनही सगळा देश २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे, त्यामुळे माती काळी नि दगड त्याहून काळे. भोवती पोवळ्यांची भिंत आहे, तिच्यावर लाटा फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. मध्ये पठार. मी राहते ते पठाराच्या उतारावर, इथून थोडं वर क्युरपीपला गेलं की महाबळेश्वरासारखं धुकं आणि पाऊस. आत्ता इथली थंडी सरत आली आहे. डिसेंबरात भर उन्हाळा असतो, आंबे आणि लिची तेव्हाच बाजारात येतात. आईला हे काही केल्या पटत नाही.

पण बाबा, तुम्हाला दाखवायचा आहे तो ऊस. विमान उतरतानाच दिसायला लागतो. आत्ता गळीत हंगाम ऐन भरात आहे, जूनच्या सुमारास सुरू होतो आणि वर्षाअखेरीपर्यंत चालतो. म्हणजे तुमच्या साखर कारखान्याचे बॉयलर थंड असतात तेव्हा इथले पेटलेले. चिपाडं जाळून वाफ करतात, कारखाना चालवून उरलेली वीज सरकारी तारेत सोडतात. तुम्ही ज्याला बगॅस म्हणायचात त्याला हे लोक बागास म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तुमच्या खाकी शर्टाचा वास आला.

उसाच्या फडात मध्येच काळ्या दगडांचे ढीग दिसतात, काही तर दोन पुरुष उंच. मला आधी वाटलं, काहीतरी जुनं देवस्थान असेल. तसं नाही. ऊस लावण्याआधी हे दगड माणसांनी हातानं वेचून रचले आहेत. १८३५ मध्ये इंग्रजांनी इथली गुलामगिरी संपवली, त्याच्या तोंडावरच मळ्यांना दुसरी माणसं हवी होती, म्हणून करारावर हिंदुस्थानातून आणली. १८३४ पासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं साडेचार लाखांहून जास्त माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून ती जागतिक वारशात आहे. समुद्राकडून वर यायला दगडी पायऱ्या आहेत, सोळा. मी मोजत चढले. जास्त माणसं बिहारकडची होती, पण मुंबईहून सुटलेल्या जहाजांतून आपलीही आली, रत्नागिरीची, साताऱ्याची, कोल्हापूरची.

आईच्या "तिथं आपलं कोणी आहे का?" याचं उत्तर इथंच आलं. गणेश चतुर्थीला इथं देशभर सरकारी सुट्टी असते. यंदा मी कास्कावेलला गेले होते. घराघरांत गणपती, करंज्या-मोदक, आणि दुपारी मूर्ती डोक्यावर घेऊन समुद्राकडे. बाया नऊवारीत, आपसात बोलणं सगळं क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, पण आरती सुरू झाली की एकेक शब्द मराठी. अर्थ विचारला तर हसतात. पोरांनी जाखडी केली, त्याला इथं झाकरी म्हणतात. एका आजींनी मला जवळ बसवून घेतलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली. मोकाला महात्मा गांधी संस्थेत त्या काळचे दफ्तर आहेत, तिथून आणलेली. त्यांच्या पणजोबांचा नंबर, उंची, गाव. नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, आणि तेच आता घराण्याचं आडनाव झालं आहे. गावाचं नाव मला वाचून दाखव म्हणाल्या. इंग्रजी स्पेलिंगवरून मलाही नीट लागलं नाही. तीन-चार प्रकारे उच्चारून पाहिलं, प्रत्येक वेळी त्या मान डोलवत होत्या. आई, तुला फोटो पाठवला आहे तो त्याच कागदाचा. तुझ्या माहेरच्या बाजूला असं कुठलं गाव आहे का ते मामाला विचार.

जेवणाची काळजी करू नकोस. इथं रस्त्यावर डाळपुरी मिळते, जोडीनंच देतात. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण, पण गुळाशिवाय, पातळ लाटलेली. म्हणजे पुरणपोळीची तिखट सावत्र बहीण. तुझ्या हाताखाली दोन दिवस राहिली तर सुधारेल.

आता बाबांचा दुसरा प्रश्न, "तिथं सरकार कुणाचं, आणि चालतं का?" देश १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला. तेव्हा निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा. इथलं काही खरं नाही असं भाकीत बड्या अर्थतज्ज्ञांनी केलेलं होतं. पण यांनी १९७० पासून कापडाचे निर्यात कारखाने आणले, मग हॉटेलं, मग माझ्यासारख्यांची ऑफिसं. युरोप साखरेला ठरलेला चढा भाव द्यायचा तो २००९ मध्ये बंद झाला, तोवर पोट दुसरीकडे हललं होतं. साखर कारखाने आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पर्यटक मात्र वर्षाला तेरा लाखांवर, म्हणजे घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त.

माझं ऑफिस एबेनला. १९८२ च्या भारत-मॉरिशस करकरारामुळे परदेशी पैसा इथून वळून आपल्याकडे यायचा, कारण शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर लागत नव्हता आणि इथं तो करच नाही. २०१७ पासून नव्या शेअरखरेदीला ती सवलत संपली. माझं काम त्या वळणावरचे हिशेब ठेवण्याचं. पूर्ण अभिमान वाटावा असं काम आहे असं मी म्हणणार नाही.

पंतप्रधान नवीन रामगुलाम, पहिल्या पंतप्रधानांचे चिरंजीव. आधीचे प्रवींद जगन्नाथ, तेही माजी पंतप्रधानांचे चिरंजीव. आपल्याकडच्या सहकाराची सवय असलेल्या माणसाला इथं काही परकं वाटायचं नाही. गेल्या नोव्हेंबरात मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा एकाच आघाडीला गेल्या. तरी सभागृहात विरोधक दिसतात, कारण एखादा समाज मागे पडू नये म्हणून पडलेल्यांतल्या चांगल्या मतांच्या उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा देतात. आणि शेवटचं अपील अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं.

सगळं गोड नाही. गेल्या वर्षी १५ जानेवारीला बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. मी घरीच होते, तुम्हाला मुद्दाम कळवलं नव्हतं. आणि ज्यांचे पणजोबा करारावर आले, त्यांच्याच देशातल्या कापड कारखान्यांत आज बांगलादेशी पोरं करारावर राबतात. डब्याच्या वेळी दिसतात, व्हिडिओ कॉलवर घरच्यांना "छान आहे" सांगत असतात. मीही तेच सांगते, म्हणून ओळखू येतं.

आता मुख्य गोष्ट. इथं यंदापर्यंत साठी उलटली की प्रत्येकाला सरकारी पेन्शन मिळायची, नोकरी केलेली असो-नसो, हप्ते भरलेले असोत-नसोत. महिन्याला इथले १५,००० रुपये, आपले अठ्ठावीस हजारांच्या आसपास. वर बसप्रवास फुकट. यंदाच्या बजेटमध्ये वयाची अट टप्प्याटप्प्यानं ६५ वर न्यायचं ठरलं तर लोक रस्त्यावर उतरले. माझ्या घरमालकीणबाई दर महिन्याला ते पैसे आले की एक जोड डाळपुरी मला आणून देतात. हक्काचे पैसे आहेत, कुणाचे उपकार नाहीत, हे त्यांच्या चालण्यातच दिसतं.

तुम्ही एकतीस वर्षं बॉयलरपुढे उभे राहिलात आणि हातात दोन हजारांच्या आतबाहेर पडतात. कारखान्यानं थकवलेल्या पगाराचं तर मी विचारतही नाही. दादा म्हणाला, मी मार्चपासून पाठवलेले पैसे तसेच खात्यावर आहेत, आणि ऑपरेशन "दिवाळीनंतर बघू". बाबा, मला त्याचा राग आला आहे, आणि तो लेकीचा आहे म्हणून तसाच कळवते.

पुढच्या महिन्यापासून दर एक तारखेला पैसे जमा होतील. ते मी पाठवलेत असं समजू नका. मुलीच्या पैशाला हात लावायचा नाही हा तुमचा नियम पेन्शनला लागू नाही. दादानं कराडच्या डॉक्टरांकडे २२ तारीख घेतली आहे, रिकाम्या पोटी जायचं नाही असं त्यांनी सांगितलंय. दुसरा डोळा महिन्याभरानं. डिसेंबरात तुम्ही दोघं इकडे याल तेव्हा ते दगडांचे ढीग तुम्हाला चष्म्याशिवाय दिसले पाहिजेत.

आईला पासपोर्टच्या फोटोसाठी ती निळी साडी नेसायला सांगा.

तुमची
शैला