कुंडीत नुसती काळी माती नको

संपादक महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी कुंड्या भरल्या जात आहेत, म्हणून ही कळकळीची विनंती. शेतातली काळी माती नुसती भरू नका. वाळली की ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. घातलेले पाणी त्या फटीतून निघून जाते आणि मुळांभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. क्रोटन, जास्वंदीसाठी खानापूरकडची तांबडी माती २ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १, पूर्ण कुजलेले शेणखत १ आणि जाड वाळू अर्धा भाग घ्या. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळा. त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात. अडेनियमला, म्हणजे जाड खोडात पाणी साठवणाऱ्या फुलझाडाला, निम्मी वाळू हवीच. आपल्याकडच्या झडीत कोकोपीट जास्त झाले की मुळे कुजतात, आणि झाड सुकलेले दिसते म्हणून लोक आणखी पाणी घालतात.

– एक वाचक, बेळगाव