दत्तकविधान एका वाक्यात उरकू नका

महोदय,

सयाजीराव गायकवाड किंवा राजर्षी शाहू यांच्यावरच्या लेखांत 'ते दत्तक गेले' एवढं एक वाक्य येतं आणि लगेच सुधारणांची यादी सुरू होते. मधली वर्षं गळून पडतात. राज्यकर्ता घडला तो त्याच वर्षांत.

दत्तक विधिवत झालं की गादी टिकते, हा समज झाशीने खोटा ठरवला. झाशीचे राजे गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेऊन त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. इंग्रज अधिकाऱ्यांना मुद्दाम समोर बसवलं, मेजर एलिसच्या हाती खलिता दिला. दुसऱ्याच दिवशी ते वारले आणि १८५४ साली झाशी खालसा झाली, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने ती आपल्या राज्यात सामील केली. कंपनीचा हिशेब असा: खासगी मालमत्तेचा वारस दत्तक मुलगा, पण गादीसाठी सार्वभौम सत्तेची मंजुरी हवी. ही अटसुद्धा कंपनीच्या अंकित संस्थानांनाच लागू. साताऱ्याची गादी १८१९च्या तहाने कंपनीनेच दिलेली, म्हणून १८४८ साली पहिला घाव तिथे बसला. राजपुतान्यातलं करौली मात्र कंपनीच्या संचालकांनी वाचवलं, कारण ते अंकित नव्हे, दोस्त राज्य ठरलं. शास्त्रार्थाला इथे किंमतच नव्हती.

१८६२ साली व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि खालसा होण्याची भीती सरली. पण मुलगा नीट घडेल याची हमी सनद थोडीच देते? कोल्हापूरचे चौथे शिवाजी १८७१ साली दत्तक आले. पुढे त्यांना वेडे ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८८३च्या डिसेंबरात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोल्जराशी झटापट होऊन, तिथेच त्यांचा अंत झाला.

बडोद्याचं उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. १८७५ साली महाराज मल्हारराव पदच्युत झाले, पण नवा मुलगा त्यांच्या मांडीवर दिला नाही. त्यांच्या आधीचे महाराज, थोरले भाऊ खंडेराव १८७० सालीच वारले होते. त्यांच्या विधवा जमनाबाईंनी मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेतलं. हेच पुढचे सयाजीराव. म्हणजे कायद्याने तो खंडेरावांचा मुलगा झाला आणि मल्हाररावांची कारकीर्द वारसाच्या साखळीतून वगळली गेली. मुलगा बारा वर्षांचा, शिक्षणाचा गंध नाही. इंग्रज शिक्षक इलियटच्या हाताखाली मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, सगळं मुळापासून. तोवर कारभाराची घडी दिवाण टी. माधवरावांनी बसवली. पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ रोजी, सहा वर्षांहून अधिक तयारीनंतर.

कागलच्या यशवंतराव घाटग्यांचं, म्हणजे शाहू महाराजांचं दत्तकविधान १७ मार्च १८८४ रोजी झालं आणि अधिकार २ एप्रिल १८९४ रोजी मिळाले. मधली दहा वर्षं आधी राजकोट, मग धारवाडला इंग्रज शिक्षक फ्रेझरकडे शिक्षण. येत्या २६ जूनच्या, शाहू जयंतीच्या पुरवणीत या दहा वर्षांसाठी निदान एक पान राखावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर