कॅमेऱ्यामागची कामं दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. गावही सांगत नाही. पण पत्र मात्र उघड लिहितेय, कारण ज्यासाठी तुमचे आभार मानायचेत ते काम आपल्या माणसांत कुणी मोठ्याने बोलत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशात आलेल्या आणि पदवी कपाटात ठेवून घरी बसलेल्या मराठी मुली पुष्कळ आहेत. त्यांतली एखादी रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, नोकरी शोधायला लागली की चार जाहिरातींनंतर 'व्हिडिओचॅट'ची, म्हणजे वेबकॅमसमोर बसून पैसे देणाऱ्या पाहणाऱ्यांसाठी लैंगिक शो करण्याच्या धंद्याची, जाहिरात समोर येतेच. ती घाबरून मागे फिरते, नाहीतर न विचारता भलत्या दारात जाऊन उभी राहते. मी तशी उभी राहिले होते आणि मला तुम्ही भेटलात. तिलाही निदान हे पत्र भेटावं.

जाहिरात 'इंग्रजी उत्तम येणारी ऑफिस असिस्टंट हवी' अशी होती. मुलाखतीला गेले तेव्हा पहिली काही मिनिटं इंग्रजीची चौकशी झाली आणि मग सूर बदलला. आधी महिनाभर कॅमेऱ्यासमोर बस, धंदा समजेल, ऑफिसचं मग बघू. आणि समोर बसणाऱ्यांना किती मिळतं ते ऐक. मी उठून बाहेर आले आणि मेट्रोच्या पायऱ्यांवरून तुम्हाला फोन लावला. आपली ओळख तरी केवढी, दिवाळीच्या कार्यक्रमात शेजारी बसून जेवलो होतो एवढीच. तुम्ही असे शो चालवणाऱ्या एका मोठ्या स्टुडिओचे हिशेब बघता हे तेव्हा तुम्ही जेवता जेवता, काही न लपवता सांगितलं होतंत, म्हणून तुमचंच नाव आठवलं. तुम्ही पहिल्यांदा काय विचारलंत ते मी आजही प्रत्येकीला विचारते: पासपोर्ट तुझ्याजवळच आहे ना? कशावर सही केलीस का? कुणी फोटो काढले का? पासपोर्ट माझ्या पर्समध्येच होता, सही आणि फोटो दोन्ही झालं नव्हतं. 'मग काही बिघडलं नाही. रविवारी घरी ये,' असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

त्या रविवारी तुम्ही माझी समजूत काढत बसला नाहीत. वही उघडून पैसा कुठून कुठे जातो ते काढून दाखवलंत. पाहणारा साइटवर टोकन, म्हणजे साइटची नाणी, विकत घेतो. चॅटरबेटसारख्या साइटवर १०० टोकनना तो १०.९९ डॉलर मोजतो आणि मॉडेलच्या, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसणारीच्या, खात्यात टोकनमागे ५ सेंट पडतात, म्हणजे १०० टोकनचे ५ डॉलर. उरलेले साइट ठेवते. मॉडेल स्टुडिओतून बसत असेल तर त्या ५ डॉलरमधूनही स्टुडिओचा वाटा जातो. 'आता बघ,' तुम्ही म्हणालात, 'या वाट्याच्या बदल्यात स्टुडिओने तिला काय द्यायचं असतं?' आणि तुम्ही जी यादी सांगत गेलात तीच माझ्यासाठी नोकऱ्यांची यादी होती. खोली, लाइट, कॅमेरा, तुटणार नाही असं इंटरनेट आणि ते सांभाळणारा तंत्रज्ञ. मेकअप करणारी. प्रोफाइलचे फोटो काढणारा आणि ते नीट करणारा. नवीन मुलीला साइटचे नियम समजावणारी ट्रेनर. रात्रपाळीचा सुपरवायझर. कागदपत्रं तपासणारे, हिशेब बघणारे, चोरून फिरवलेले व्हिडिओ हटवणारे. शिवाय साइट चालवणाऱ्या कंपन्यांत ग्राहकसेवा, भाषांतर, पेमेंटमधली फसवणूक पकडणं, तक्रारी निकालात काढणं. एक माणूस पडद्यावर दिसतो आणि त्याच्यामागे केवढी माणसं पगारावर असतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

हा धंदा या भागात इतका का वाढला तेही तुमच्याकडूनच समजलं. शेजारच्या हंगेरीत, बुडापेस्टमध्ये, २००१ साली जॉर्ज गाटियानने लाइव्हजॅस्मिन ही वेबकॅम साइट सुरू केली. रोमानियात वेगवान इंटरनेट स्वस्तात आलं, तरुणांना इंग्रजी येत होतं आणि पगार पश्चिम युरोपच्या मानाने फारच कमी होते. रिकामे फ्लॅट आणि जुन्या इमारतींचे मजले बघता बघता स्टुडिओ झाले. तुम्ही हे सगळं जिऱ्या-मिऱ्याच्या व्यापाराबद्दल बोलावं तशा आवाजात सांगत होतात, आणि त्या आवाजामुळेच माझी भीती गेली.

त्याच दिवशी तुम्ही दोन गोष्टींना सरळ नाही म्हणायला सांगितलंत. एक, टक्केवारीवर काम घ्यायचं नाही. मुलींच्या कमाईतला हिस्सा हाच पगार असेल, तर चांगला माणूससुद्धा थोड्या दिवसांत 'अजून अर्धा तास बस' म्हणायला लागतो, हे तुम्ही वर्षानुवर्षं हिशेबाच्या टेबलावरून पाहिलेलं होतं. पगार ठरावीक हवा. दुसरी गोष्ट, मॉडेलच्या नावाने ग्राहकांशी चॅट करण्याची नोकरी घ्यायची नाही. एजन्स्या अशी माणसं ठेवतात, घरबसल्या काम असतं, अनुभव लागत नाही. पण समोरचा माणूस जिच्याशी बोलतोय असं समजून पैसे देतो ती तिथे नसतेच. 'कॅमेऱ्यासमोर बसणं परवडलं, तिथे निदान ती स्वतः असते,' असं तुम्ही म्हणालात. मला ते पूर्ण पटलं, आजही पटतं.

मग तुमच्या स्टुडिओत मॉडेलना इंग्रजी शिकवायची जागा होती तिथे माझं नाव सुचवलंत. करारात पदाचं नाव, कामाचे तास, ठरावीक पगार आणि मी कोणत्याही प्रसारणात दिसणार नाही हे वाक्य लेखी आलं पाहिजे, असा आग्रह धरलात. ते वाक्य घालताना मॅनेजर हसला होता. तुम्ही मात्र हसला नाहीत. वाक्य येईपर्यंत तुम्ही जागच्या हलला नाहीत.

एम.ए.ला असताना मी ज्या इंग्रजीच्या परीक्षा दिल्या त्यांत या वर्गाला लागणारं काहीच नव्हतं. तुम्ही सांगितलंत की आधी नकार शिकव. म्हणून पहिल्या आठवड्यात फळ्यावर फक्त तीच वाक्यं होती: मी हे करत नाही. माझ्या प्रोफाइलवर लिहिलंय ते वाचा. पुन्हा विचारलंत तर मी तुम्हाला ब्लॉक करीन. माझं खरं नाव मी सांगत नाही. मुली ती वाक्यं हळू, ओशाळलेल्या आवाजात म्हणायच्या आणि शेवटी 'सॉरी' जोडायच्या. मग तो 'सॉरी' काढायचा सराव. एक जण मोल्दोव्हाच्या बाजूच्या खेड्यातून आलेली होती. तिला ते जमायला बरेच दिवस लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तिने वर्गात सगळ्यांसमोर तेच वाक्य ओळीने म्हणून दाखवलं, दर वेळी वेगळ्या सुरात. दाराशी तुम्ही उभ्या होतात. शिकवण्याच्या कामात इतकं समाधान मला आधी कुठल्याच शाळेत मिळालं नव्हतं.

आणि ताई, ज्या गोष्टीसाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे ती इथेच येते. मागच्या बाजूला काम करणाऱ्यांत एक खोड असते. आम्ही ऑफिसचे, आम्ही 'तसल्या' नाही, हे बोलण्यात आणि बसण्याउठण्यात दाखवत राहायचं. जेवणाचं टेबल वेगळं. तुम्ही ते कधी होऊ दिलं नाहीत. तुमचा डबा मॉडेलच्या स्वयंपाकघरातच उघडायचा आणि मलाही तुम्ही तिथेच बसवलंत. 'आपला पगार यांच्या कामातून येतो. मान द्यायचा नसेल तर नोकरी सोड, पण पगार घेऊन नाक मुरडू नकोस.' आपल्याकडे हे काम न करणारी बाई स्वतःला जपायला म्हणून करणारीला खाली ढकलते. मी तशी होऊ नये म्हणून तुम्ही पहिल्याच आठवड्यात लक्ष घातलंत.

पुढे मी कागदपत्रं तपासायच्या विभागात गेले, तेही तुमच्याच सांगण्यावरून. तुम्हाला वारा कुठला वाहतोय ते आधी कळलं होतं. मास्टरकार्डचे प्रौढांच्या साइटसाठीचे नवे नियम १५ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले: पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची ओळख, वय आणि संमती यांची नोंद हवी, थेट प्रसारणावर देखरेख हवी, तक्रार कामाच्या ७ दिवसांत निकालात निघाली पाहिजे. ओळखपत्रांच्या नोंदी ठेवायला लावणारा अमेरिकेचा कायदा १९८८ पासून होताच. पण कार्ड कंपनीने पेमेंट बंद केलं तर साइट दुसऱ्या दिवशी उभी राहू शकत नाही, म्हणून हे नियम सगळ्यांनी मुकाट मानले आणि कागद नीट वाचणाऱ्या माणसांना किंमत आली.

या कामाचं बाहेरच्यांना काहीच आकर्षण वाटणार नाही. मुलगी ओळखपत्र हनुवटीशी धरून फोटो काढते. बहुतेक वेळा अंगठा नेमका जन्मतारखेवर येतो किंवा प्लॅस्टिकवर रिंग लाइटचा गोल चमकतो आणि आकडे पुसले जातात. फोटो परत. कार्डाची मुदत, नावातलं अक्षर, चेहरा, सही. तुमचा नियम होता की शंका आली तर मुलीची खोली उघडायची नाही, म्हणजे तिचं प्रसारण सुरू करायचं नाही, मग त्या रात्रीचं कितीही नुकसान होवो. आणि मुलीला एकटीला, सुपरवायझरशिवाय, विचारायचं: तू आपणहून आलीस का, खात्याचा पासवर्ड तुझ्याकडे आहे का, पैसे कुणाच्या नावावर जातात? हा शेवटचा प्रश्न कुठल्याही फॉर्मवर नव्हता, तो तुमचा होता. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेचा कोलंबियातल्या वेबकॅम स्टुडिओंवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. मधे विश्रांती नसलेल्या लांबलचक पाळ्या, घाणेरड्या खोल्या, बुडवलेले पैसे, आणि खातीच स्टुडिओच्या हातात. वाचताना मला दर पानावर तुमचा तो प्रश्न आठवत होता. खातं जिच्या नावावर आणि तिच्याच ताब्यात, ती स्टुडिओ सोडून जाऊ शकते.

चोरीच्या व्हिडिओंचं कामही तुम्हीच मला दिलंत. बऱ्याच मुली स्वतःचा देश ब्लॉक करून ठेवतात, म्हणजे रोमानियातून कुणी पाहायला गेलं तर ती दिसत नाही. पण कुणीतरी दुसऱ्या देशातून शो रेकॉर्ड करून भलत्याच साइटवर टाकतो आणि तिथे देशाची भिंत नसते. मग अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याखाली नोटिसा पाठवायच्या, सर्चमधून दुवे काढायला लावायचे, ते पुन्हा वर आले की पुन्हा पाठवायच्या. कंटाळवाणं आणि न संपणारं काम. तरी एखाद्या मुलीला 'आज सगळे निघाले' असं सांगता येतं तेव्हा ती ज्या तऱ्हेने श्वास सोडते, त्यासाठी मी हे काम आनंदाने करते.

आमच्या घरी तुम्ही आलात तो दिवस मी कशी विसरेन? नवऱ्याला कामाची कल्पना होती, पण धास्तीही होती. तुम्ही जेवलात, भरल्या वांग्याचं कौतुक केलंत आणि त्याला म्हणालात, 'तिच्या कामाबद्दल तुम्हाला काय विचारायचंय ते तिलाच विचारा, माझ्यासमोर विचारा, म्हणजे तुम्हा दोघांना संकोच वाटणार नाही.' त्याने विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर आमच्या घरात तो विषय भीतीचा राहिला नाही. कराडला आईला मी 'ऑनलाइन कंपनीत कागदपत्रं तपासते' एवढंच सांगते, आणि तेवढं सांगणं पुरेसं आहे असं तुम्हीच म्हणाला होतात.

हे वाचून भारतातून कुणी विचारील की असं काम घरबसल्या मिळेल का. तुमचं उत्तर मी जसंच्या तसं देते: भारतात बसून कुणाच्या स्टुडिओत भागीदार, हिशेबनीस किंवा खातं चालवणारा होऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ मध्ये असा लैंगिक मजकूर प्रसारित करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि 'मी फक्त मागचं काम बघत होतो' यावर भरवसा ठेवून कुणी त्यात उतरू नये. जिथे धंद्याला परवानगी आहे, नोकरीचा लेखी करार होतो आणि पगार बँकेत येतो, तिथेच. माझ्या मावसभावाला तुम्ही हे फोनवर इतकं खडसावून सांगितलंत की त्याने तो नाद सोडला. त्याबद्दलचेही आभार यातच धरा.

तुम्ही आता निवृत्त होऊन गावी गेलात. तुमच्या टेबलावर बसणारी नवी मुलगी हिशेब चोख ठेवते, आणि पैसे वाटायच्या दिवशी प्रत्येक मॉडेलला तिची पावती ओळीने वाचून दाखवते, तुम्ही दाखवत होतात तशीच. करारातलं ते वाक्य आता ऑफिसच्या प्रत्येक नोकरीच्या करारात छापूनच येतं, मागावं लागत नाही. गेल्या महिन्यात नाशिकची एक मुलगी भेटली, नवऱ्याबरोबर नुकतीच आलीय, ग्राफिक डिझाइन शिकलेली. फोटो विभागात जागा आहे. तिला तुमच्याशी एकदा बोलायचंय. तुमचा नंबर देऊ का, ते कळवा.

ताई, मनापासून आभार.

तुमची,
इंग्रजीच्या वर्गातली बाई