तुझे २२ आणि माझे २२

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पुढचं चाक घसरून खांद्यावर पडलास हे वाचून जीव खालीवर झाला. हाड शाबूत आहे हे फार बरं झालं. पण हात पूर्ण वर जाईपर्यंत सायकल बाहेर काढू नकोस, एवढं माझं ऐक.

आता तुझा प्रश्न. तुझ्या पंपावर २२ पीएसआय (हवेचा दाब, दर चौरस इंचाला पौंडांत) दिसत होते आणि सोबतच्या माणसाच्या गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या यंत्रावर, त्याच टायरमध्ये २७ निघाले, तर खरं कोण? तुला याचं उत्तर नीट द्यायचंय, कारण याच गोष्टीपायी माझी एक रिम गेली. जुना पंप बिघडला म्हणून मी नवा आणला आणि सवयीने मागच्या टायरमध्ये २४ भरले. दगडांच्या उतारावर थोडा खाली गेलो नाही तोच मागून ठण्ण असा आवाज आला. थांबून पाहिलं तर रिमची कड नखाएवढी आत दबलेली आणि तिथून सीलंटचे, म्हणजे टायरमधल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाचे, पांढरे बुडबुडे येत होते. घरी आल्यावर दुसऱ्या चाकात त्याच पंपाने २४ भरले आणि माझा जुना हातातला गेज लावला. त्याने १९ दाखवले. तुझा पंप कमी सांगतो, माझा जास्त सांगत होता. तू टणक टायर घेऊन ओल्या मुळांवर गेलास आणि घसरलास, मी मऊ टायर घेऊन दगडांवर गेलो आणि रिम आपटली.

पंपाची तबकडी जवळून बघ. उभ्या पंपावर ती बहुधा १६० पर्यंत असते, कारण रोड सायकलच्या अरुंद टायरलाही तोच पंप चालायला हवा. आपल्या डोंगरवाटेच्या सायकलींचं सगळं काम १८ ते ३० च्या मधलं, म्हणजे काट्याच्या फेरीतला सुरुवातीचा छोटासा तुकडा. अशा गेजची चूक पूर्ण तबकडीच्या टक्क्यांत मोजतात. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण १६० चे २ टक्के म्हणजे ३.२ पीएसआय. शंभर भरणाऱ्याला ते जाणवणारही नाही. आपल्या २२ मधला मात्र तो जवळजवळ सातवा हिस्सा झाला.

गेजच्या आत एक चपटी, बाकदार नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाची जराशी हालचाल दातेरी चक्रांमधून काट्यापर्यंत पोचते. युजेन बूर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये काढलेली ही युक्ती आजही चालते, आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. पण नळी नाजूक असते. पंप दोन-चारदा आपटला की काटा कायमचा पुढे किंवा मागे बसतो. हवा भरून झाल्यावर काचेवर हलकी टिचकी मारून बघ. काटा सरकला तर आतली चक्रं अडकताहेत असं समज.

तू लिहिलंस की पंप लावला की काटा आधी शून्यावरच राहतो. तो बिघाड नाही. आपल्या टायरचा बारीक, प्रेस्टा जातीचा व्हॉल्व आतल्या दाबानेच बंद असतो, आणि गेजला दिसतो तो फक्त पाइपमधला दाब. पंपाचा दांडा एकदा दाबलास की व्हॉल्व उघडतो आणि काटा जागेवर येतो. दाबताना तो उसळतो, तो आकडा धरू नकोस. दांडा थांबल्यावर जिथे स्थिरावतो तो धर. प्रत्येक वेळी खूप उसळून सावकाश खाली येत असेल तर व्हॉल्वच्या कोरमध्ये, म्हणजे आतल्या सुट्या होणाऱ्या भागात, सीलंट सुकलंय. कोर काढून साफ कर, नाहीतर बदल. आणि मोजताना व्हॉल्व चाकाच्या वरच्या बाजूला असू दे, म्हणजे सीलंट गेजमध्ये शिरणार नाही.

अंगठ्याने दाबून बघायची आपली जुनी सवय मी सोडली, तूही सोड. जाड बाजूंचा टायर कमी हवेतही टणक लागतो, आणि एकाच दाबाला रुंद टायर अरुंद टायरपेक्षा घट्ट वाटतो.

मग करायचं काय? खरा आकडा शोधत बसू नकोस. एक गेज निवड, शक्यतो ३० किंवा ६० पर्यंतच तबकडी असलेला, आणि त्याची एकच परीक्षा घे: एकाच टायरला लागोपाठ पाच वेळा लाव. दर वेळी थोडी हवा जाते, त्यामुळे आकडा हळूहळू उतरायला हवा, २२.५, पुन्हा २२.५, मग २२, असा. तो २२, २४, २१ अशा उड्या मारत असेल तर तो गेज टाकून दे, मग तो कितीही महाग असो. नेहमी ३ ने चुकणारा गेज मला चालतो. कधी ३ ने, कधी १ ने चुकणाऱ्याच्या भरवशावर मी उतार घेणार नाही.

त्यानंतर अर्धा दिवस काढ. दगड, मुळं आणि एक चांगलं वळण असलेला छोटा तुकडा निवड आणि तो पुन्हा पुन्हा चालव. सुरुवात मुद्दाम जास्त हवेने कर, पण रिमवर आणि टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत. दर फेरीला दोन्ही चाकांतून १ पीएसआय कमी कर. आधी सायकल दगडांवरून उडते, हातांना झिणझिण्या येतात. मग एका फेरीला अचानक टायर जमीन धरायला लागतो. तो क्षण चुकवूच नकोस, मला अजूनही त्याचा तितकाच आनंद होतो. आणखी उतरलास की वळणात टायर खालून दुमडल्यासारखा वाटेल, किंवा रिम दगडाला टेकल्याचा आवाज येईल. तिथून २ पीएसआय वाढव आणि आकडा लिहून ठेव. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा २-३ जास्त लागतील. माझं वजन ६८ किलो, टायर २.४ इंची ट्यूबलेस, माझ्या गेजवर पुढे २१ आणि मागे २४. हे आकडे उचलू नकोस, ते माझ्या गेजचे आहेत.

सकाळी थंडीत भरलेली हवा दुपारी वाढलेली दिसते तेही लक्षात असू दे. २० पीएसआयच्या आसपास १० अंश सेल्सियसला साधारण १.२ पीएसआयचा फरक पडतो. पायथ्याशी भरून हजार मीटर वर गेलास तर बाहेरच्या हवेचा दाब घटतो, म्हणून गेज दीडएक पीएसआय जास्त दाखवतो, आणि टायरही खरंच तेवढा टणक झालेला असतो. वर पोचलास की एकदा मोज.

खांदा बरा झाला की गेजची परीक्षा घे आणि पाचही आकडे मला कळव. तोवर पंपाच्या तबकडीवर कागद चिकटवून टाक, म्हणजे नजर तिकडे जाणार नाही.

तुझाच,
जुना सोबती