गल्ला काढण्याआधी काटा बघा

संपादक महोदय,
स. न.

अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन कंपनीच्या बिनगल्ल्याच्या (बिलासाठी न थांबता माल घेऊन जायच्या) दुकानांना टाळे लागल्याच्या बातमीवर आपल्याकडे दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, ‘यंत्राला माणसाची सर नाही’; दुसरा म्हणतो, ‘तिकडे चोऱ्याच फार’. दोन्ही अर्धवट आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात ज्यांच्या मनात ‘गिऱ्हाइकानेच आपले बिल करावे’ असे यंत्र बसवायचे आहे, त्यांनी ती दुकाने नेमकी कुठे अडकली ते आधी पाहावे.

अ‍ॅमेझॉन गोचे पहिले दुकान सिअ‍ॅटलमध्ये जानेवारी २०१८ मध्ये सर्वांसाठी उघडले. दारात मोबाइलवरचा कोड दाखवायचा, हवे ते उचलायचे आणि सरळ निघून जायचे. छताला कॅमेरे, फळ्यांमध्ये वजन कळणारे सेन्सर; कोणी काय घेतले हे दोन्हींच्या मेळातून ठरायचे. फळीवरून डबा उचलला हे ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. गोची होते ती तोच डबा भलत्याच फळीवर परत ठेवला की, दोघांनी खांद्याला खांदा लावून एकाच वेळी हात घातला की, किंवा लेकराने बिस्किटाचा पुडा काढून आईच्या पिशवीत टाकला की. असे गुंते माणसाने चित्रण बघून सोडवायचे. हे काम भारतात बसलेली हजारेक माणसे करतात, अशी बातमी छापून आली. तपासणीला जाणाऱ्या बिलांचे मोठे आकडे कंपनीने फेटाळले. माणसे चित्रण तपासतात हे मात्र मान्य केले. गल्ल्यावरचा पगार वाचला खरा, पण कॅमेरे, सेन्सर आणि पडद्यामागच्या पगारांचा खर्च उभा राहिला. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या मोठ्या ‘फ्रेश’ नावाच्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढायचे ठरवले, आणि जानेवारी २०२६ मध्ये गो व फ्रेश ही दोन्ही नावांची दुकाने बंद करत असल्याचे जाहीर केले.

लंडनचा दाखला आमच्या मते जास्त शिकवणारा आहे. सेन्सबरीज या तिथल्या किराणा दुकानांच्या साखळीने २०१९ मध्ये हॉबर्न सर्कस या चौकातल्या दुकानातले गल्ले काढून मोबाइलवरच पैसे भरायची सोय केली. लोक मदतीच्या टेबलापाशी पैसे द्यायला रांग लावू लागले! काही महिन्यांतच गल्ले परत आले. रांग फक्त इकडची तिकडे गेली होती.

आता आपल्या बाजाराकडे येऊ. अ‍ॅमेझॉनच्या त्या दुकानांत फळे-भाजी वजनावर नव्हे, नगावर विकत. केळी आपल्याकडेही डझनावर जातात. पण रताळी, गूळ, शेंगदाणे, संकेश्वरी मिरची नगावर विकून दाखवा. आपल्या किराणी दुकानात सुटा माल मोठा, आणि रांग तुंबते ती बहुतेक वेळा काट्यापाशी. पैसे घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ तोलायला, पुडी बांधायला लागतो. गल्ला काढून ही रांग हलत नाही.

सुटा माल यंत्राला कळावा म्हणून काट्यावरून १३ अंकी बारकोडची चिठ्ठी काढतात. उदाहरणार्थ २१००४१७००७५०५. पहिले दोन अंक ‘हा दुकानातला कोड’ असे सांगतात (२० ते २९ हे आकडे दुकानाच्या आपल्या वापरासाठी राखलेले आहेत), पुढचे पाच मालाचे, म्हणजे ४१७ नंबरचा माल, त्यापुढचे पाच वजनाचे, म्हणजे ७५० ग्रॅम, आणि शेवटचा पडताळ्याचा, म्हणजे आधीचे बारा अंक नीट वाचले गेले का हे तपासणारा. घोळ होतो तो वजनाच्या पाचांत. काटा तिथे वजन छापतो आणि बिलाचे सॉफ्टवेअर ती पैशातली किंमत समजते: पाऊण किलो शेंगदाण्याचे बिल साडेसात रुपये. पडताळ्याचा अंक बरोबर असतो, त्यामुळे यंत्र कुरकुरतही नाही. माणूस गल्ल्यावर असला तर आकडा बघून लगेच थांबतो. म्हणून नवीन काटा जोडला की एक किलोचे वजन ठेवून प्रत्येक मालाची एक चिठ्ठी काढावी आणि ती बिलात वाचून बघावी; एका मालावर भागवू नये. चिठ्ठीचा कागद उष्णतेने छापणारा असतो. तेलकट हात लागला किंवा उन्हात राहिली की रेघा फिक्या पडतात, आणि मिरचीची पूड प्रिंटरच्या डोक्यावर बसली की छपाईत पांढरी उभी रेघ उमटते. डोके प्रिंटर बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसावे.

दुसरी अडचण पिशवीच्या काट्याची. स्कॅन केलेली वस्तू बाजूच्या फळीवर ठेवली की यंत्र तिचे वजन नोंदीशी ताडून बघते. आपली गिऱ्हाइके कापडी पिशवी घेऊन येतात, ती आधीच फळीवर ठेवतात, आणि यंत्र अडून बसते. वजनात चालेल त्या फरकाची सूट वाढवून ठेवली तर जिऱ्याची ५० ग्रॅमची पुडी त्या सुटीतच बसते, म्हणजे फुकट जाते; कमी ठेवली तर दर चौथ्या वस्तूला कामगार धावत येतो. पिशवी ठेवून काटा शून्यावर आणायचे बटण असेल तरच ते यंत्र घ्यावे.

भाषेचे तर विचारूच नका. पडद्यावर यादी येते कन्नड किंवा इंग्रजीत. एक आजी तूरडाळ मागते, शेजारची तोगरी ब्याळी. एकीचे जोंधळे, दुसरीचे जोळ. दुकानातल्या पोराला दोन्ही कळतात. पडद्यावर प्रत्येक मालाला दोन्ही नावे आणि चित्र हवे, आणि ती भरायचे काम विक्रेत्याने नव्हे, दुकानात उभे राहणाऱ्याने करावे.

पैशांचे थोडक्यात: भिंतीला चिकटवलेला कायमचा क्यूआर इथे कामाचा नाही. बिलाच्या रकमेचा दर वेळी नवा क्यूआर हवा, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचे हिरवे चित्र बघून नव्हे, बँकेकडून पैसे पोचल्याची खूण आल्यावरच बिल बंद व्हावे. रोख देणाऱ्यांसाठी एक गल्ला ठेवावाच लागतो.

यंत्राचा भाव विचारण्याआधी शनिवारच्या बाजाराच्या दिवशी घड्याळ लावून वीस गिऱ्हाइके मोजावीत: तोलण्यात किती सेकंद, बिलात किती, पैशांत किती. तोलण्याचा आकडा मोठा निघाला तर दुसरा काटा आणि चिठ्ठीचा प्रिंटर सुट्या मालापाशी लावावा, गल्ला आहे तिथेच राहू द्यावा. या काट्यावर किंमत ठरते, त्यामुळे वैधमापन खात्याकडून दर वर्षी त्याची पडताळणी आणि शिक्का लागतो. तो काटा भिंतीला टेकवून ठेवू नका. आकडे गिऱ्हाइकालाही दिसले पाहिजेत.

आपले वाचक,
वजनकाटे व बिलिंग यंत्रांची कामे करणारे काही जण,
शहापूर, बेळगाव